क्षितिज रुंदावण्यासाठी

सकाळी सात वाजता लाखो लोकांच्या घरात शिरून हसतमुखाने ‘गुड मॉर्निंग’ म्हणण्याची नोकरी तुम्हाला हवी आहे, असं कळलं. विचार चांगला आहे. पहाटे तीन-साडेतीनचा गजर, डोळ्यांखालची वर्तुळं झाकणारा मेकअप, युद्धाच्या बातमीवरून अर्ध्या मिनिटात पॅनकेकवर उडी मारण्याचं कसब, हे सगळं तुम्ही शिकालच. पहाटे उठणं कुणालाही जमतं. खुर्चीवरून उठवलं जाणं जमायला मात्र तयारी लागते आणि त्याचे क्लास कुठे चालत नाहीत.

माणसाला घालवण्यासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. नारळ देतात, उचलबांगडी करतात, गच्छंती होते आणि फारच सभ्य मंडळी असली तर बोळवण. अमेरिकेतल्या सकाळच्या टीव्हीला असले शब्द चालत नाहीत. तिथे माणूस जातो तो क्षितिज रुंदावण्यासाठी. गंमत म्हणजे हे कारण तिथे पहिल्यांदा गाजलं ते एका चिंपांझीच्या बाबतीत.

एनबीसी वाहिनीचा सकाळचा कार्यक्रम ‘टुडे’ १४ जानेवारी १९५२ ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. सूत्रसंचालक डेव्ह गॅरोवे. जाड चष्मा, मऊ आवाज आणि निरोप घेताना हात वर करून एकच शब्द, ‘पीस’. स्टुडिओला रस्त्याच्या बाजूने मोठी काच होती आणि ऑफिसला निघालेले लोक त्या काचेला नाक लावून उभे राहत. समीक्षकांनी झोडपलं, जाहिरातदार फिरकेनात. १९५३ मध्ये जे. फ्रेड मग्ज नावाचं चिंपांझीचं पिल्लू कपडे घालून गॅरोवेंशेजारी येऊन बसलं आणि प्रेक्षक आले, जाहिराती आल्या, कार्यक्रम तरला. तुम्ही पगारवाढ मागायला जाल तेव्हा हे लक्षात असू द्या. समोरच्या साहेबांना ते नक्कीच माहीत असेल.

त्याच वर्षी राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या प्रक्षेपणातही मग्ज डोकावला आणि ब्रिटनमध्ये भडका उडाला. तरी नोकरी गेली नाही. पुढे स्वारी मोठी झाली, अंगात ताकद आली, सांभाळणं कठीण झालं. १९५७ मध्ये मग्ज पडद्यावरून गेला आणि वाहिनीने कळवलं की तो आपलं क्षितिज रुंदावण्यासाठी जात आहे. त्याच्या जागी दुसरा चिंपांझी आला. निरोपाचं हे पत्रक तुम्ही आजच कापून पाकिटात ठेवा, फक्त नाव बदलायचं राहील.

प्राण्यांवरून आठवलं. सीबीएस या दुसऱ्या वाहिनीने १९५४ मध्ये ‘टुडे’ला टक्कर द्यायला सकाळी पत्रकार वॉल्टर क्रॉन्काइट यांना बसवलं आणि त्यांच्या जोडीला दिला शार्लमेन नावाचा सिंह. हा सिंह बाहुला होता आणि क्रॉन्काइट त्याच्याशी गंभीरपणे बातम्यांची चर्चा करत. एका सिगारेटच्या जाहिरातीतलं व्याकरण चुकलेलं होतं. क्रॉन्काइटनी ते सुधारून म्हटलं आणि कंपनीचं डोकं फिरलं. तेव्हा तुम्ही चुकीचं वाक्य चुकीचंच वाचा. वर्ष संपायच्या आत त्यांच्या जागी जॅक पार आले. नंतर त्या वाहिनीने सकाळी इतके चेहरे आणि कार्यक्रमाची इतकी नावं बदलली की ती पाठ करायला वेगळी वही घालावी लागेल. क्रॉन्काइट १९६२ पासून १९८१ पर्यंत रात्रीच्या बातम्या देत राहिले. एवढ्या सगळ्यांत क्षितिज खरोखर रुंदावलं ते त्यांचंच.

आता तुम्ही बाई असाल तर वेगळा सल्ला. म्हणजे तोच, पण लांबलचक.

‘टुडे’मध्ये सुरुवातीची कित्येक वर्षं बायकांसाठी ‘टुडे गर्ल’ नावाचं पद होतं. हवामान, फॅशन, हलकंफुलकं काहीतरी आणि भरपूर हसणं एवढं काम. नट्या, गायिका, एक माजी मिस अमेरिका अशा बऱ्याच जणी त्या जागेवरून गेल्या. बार्बरा वॉल्टर्स १९६१ मध्ये लेखिका म्हणून आल्या आणि हळूहळू पडद्यावर सरकल्या. १९७१ मध्ये फ्रँक मॅगी सूत्रसंचालक झाले. त्यांनी नियम घातला की स्टुडिओत मोठा पाहुणा आला की पहिले तीन प्रश्न मी विचारणार, बाईंनी चौथ्यापासून सुरू करावं. डोळ्यांसमोर आणा: पाहुणा बसलाय, कॅमेरा चालू आहे, प्रश्न तयार आहे आणि बाई मनात मोजतायत, एक, दोन, तीन. तुम्हीही मोजायला शिका. वॉल्टर्स मात्र मोजत बसल्या नाहीत. नियम स्टुडिओपुरता आहे हे ओळखून त्या बाहेर पडल्या आणि मुलाखती बाहेरच घेऊ लागल्या. करारात एक कलमही घालून घेतलं होतं: मॅगी गेले तर सहसूत्रसंचालकपद माझं. वाहिनीला वाटलं, हा गडी कुठे जातोय! १९७४ च्या एप्रिलमध्ये मॅगी वारले आणि कलम जागं झालं. दोन वर्षांनी एबीसी या प्रतिस्पर्धी वाहिनीने बाईंना वर्षाला १० लाख डॉलर देऊन नेलं. तात्पर्य काढत बसू नका, करार वाचा.

पुढचा धडा बसण्याच्या जागेचा. शेजारी नवीन खुर्ची आली की समजावं. १९८९ मध्ये ‘टुडे’चे सूत्रसंचालक ब्रायंट गंबेल आणि जेन पॉली यांच्या टेबलाशी बातम्या वाचायला डेबोरा नॉर्व्हिल येऊन बसल्या. तीन माणसं, एक टेबल आणि तिसरी वयाने लहान. पॉली तेरा वर्षं त्या खुर्चीत होत्या. घरात बसून बघणाऱ्यांना जे पहिल्या आठवड्यात कळलं ते वरच्या मजल्यावर कुणाला दिसेना. डिसेंबरात पॉली गेल्या, जानेवारीत नॉर्व्हिल आल्या आणि प्रेक्षक नव्या सुनेने सासूला घराबाहेर काढल्यासारखे चिडले. निर्णय नॉर्व्हिल यांचा नव्हता, पण चॅनल बदलणाऱ्याला साहेबांचा चेहरा कुठे दिसतो? १९९१ मध्ये नॉर्व्हिल बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्या परत यायच्या आत खुर्ची केटी कुरिक यांची झाली. रजेचा अर्ज देण्यापूर्वी खुर्चीच्या पाठीवर ठळक अक्षरांत नाव घालून घ्या. उपयोग होणार नाही, पण समाधान लाभेल.

अॅन करी यांनी उलट वाट धरली. चौदा वर्षं बातम्या वाचल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि २०११ मध्ये खुर्ची मिळाली. पुढच्या एप्रिलमध्ये प्रेक्षकसंख्येत सोळा वर्षांहून जास्त काळ पहिला असलेला ‘टुडे’ एका आठवड्यासाठी एबीसीच्या ‘गुड मॉर्निंग अमेरिका’च्या मागे पडला. जून संपायच्या आत करी सोफ्यावर बसून रडत प्रेक्षकांचा निरोप घेत होत्या. शेजारी सहकारी मॅट लॉअर. तो गालाचा मुका घ्यायला वाकला आणि यांनी तोंड जरासं फिरवलं. ते ‘जरासं’ देशाने पुन्हा पुन्हा पाहिलं. तेव्हा निरोपाच्या दिवशी रडायचं असेल तर वॉटरप्रूफ काजळ लावा आणि मान सरळ ठेवा.

लॉअरचं फार लांबवत नाही. २९ नोव्हेंबर २०१७ ला सकाळी सातला सव्हाना गथ्री आणि होडा कोटबी यांनी पहिली बातमी वाचली ती आपल्याच सहकाऱ्याला लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारीवरून काढल्याची. त्याच्या आठच दिवस आधी सीबीएसने आपल्या सकाळच्या कार्यक्रमातल्या चार्ली रोज यांना तशाच आरोपांवरून काढलं होतं. त्या आठवड्यात क्षितिजाचं नाव कुणी काढलं नाही. जानेवारीत कोटबी कायम झाल्या आणि ‘टुडे’च्या मुख्य जोडीत दोन्ही बायका, असं पहिल्यांदाच घडलं. पहिले तीन प्रश्न कुणी विचारायचे हा वाद आपोआप मिटला.

एवढं वाचूनही अर्ज करणारच असाल, तर मुख्य खुर्चीचा नाद सोडा. १९८९ मध्ये गंबेल यांची एक खासगी चिठ्ठी बाहेर फुटली. तिच्यात हवामानवाले विलर्ड स्कॉट यांच्यावर, त्यांच्या शंभरी गाठलेल्यांना दिलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छांवर तोंडसुख घेतलेलं होतं. स्कॉटनी काय करावं? चालू कार्यक्रमात गंबेलच्या गालाचा मुका घेतला आणि पुन्हा नकाशासमोर उभे राहिले. १९९६ मध्ये त्यांच्या जागी अल रोकर आले. त्यानंतर गंबेल गेले, कुरिक गेल्या, मेरेडिथ व्हिएरा आल्या आणि गेल्या, करी गेल्या, लॉअर गेला, २०२५ च्या जानेवारीत कोटबीही गेल्या. रोकर आजचं तापमान सांगतायत.

अर्जात आवडीनिवडींचा रकाना असतो, तिथे ‘ढग’ लिहा.