‘योग्य सॉफ्टवेअर टाकले की कोणतीही जुनी फ्लॉपी वाचता येते’ हे खरे नाही

जुन्या घरगुती संगणकांविषयी एक विधान सतत फिरत असते: १९८०च्या दशकात फ्लॉपी सर्वांची एकच होती, ग्राहक अडकून राहावा म्हणून कंपन्यांनी फक्त फाइलींची मांडणी वेगळी ठेवली, आणि म्हणून आजही पीसीच्या साध्या ड्राइव्हमध्ये योग्य सॉफ्टवेअरने कोणतीही फ्लॉपी वाचता येते. यावर विश्वास ठेवून कोणी आपला जुना ड्राइव्ह भंगारात देऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

फ्लॉपी एकच होती, हे कोऱ्या डिस्कपुरते बरेचसे खरे आहे. सव्वापाच इंची कोरी डिस्क कमोडोर कंपनीच्या संगणकालाही चाले आणि आयबीएमलाही. (ॲमस्ट्रॅड संगणकांच्या ३ इंची डिस्कला मात्र तेही लागू नाही.) फरक पडतो तो लिहिल्यावर. कमोडोरचा १५४१ ड्राइव्ह ३५ ट्रॅक (डिस्कवरचे वर्तुळाकार पट्टे) लिहितो. बाहेरच्या लांब ट्रॅकवर २१ सेक्टर (ट्रॅकचे तुकडे) बसवतो आणि आत जाताना ते १९, १८ व शेवटी १७ करतो. १९८१च्या आयबीएम पीसीत ४० ट्रॅक आणि प्रत्येकावर सरसकट ८ सेक्टर होते. याहून मोठा भेद असा की कमोडोर बिटांची चुंबकीय नोंद जीसीआर या सांकेतिक पद्धतीने करतो आणि पीसी एमएफएम या दुसऱ्या पद्धतीने. पीसीची कंट्रोलर चिप (ड्राइव्ह हाताळणारी) सेक्टरच्या आरंभी ठरावीक एमएफएम खूण शोधते. ती सापडली नाही की चूक कळवून थांबते, त्यामुळे सॉफ्टवेअर कितीही हुशार असले तरी त्याच्यापर्यंत काही पोहोचतच नाही.

फाइलींच्या मांडणीचा मुद्दा कमोडोरच्याच अमिगा संगणकापाशी पूर्णच कोसळतो. अमिगाची साडेतीन इंची डिस्क एमएफएमच आहे, ट्रॅकही ८०च. पण सेक्टरांमधली मोकळी जागा काढून, अख्खा ट्रॅक एका दमात लिहून, अमिगा ९ ऐवजी ११ सेक्टर बसवतो. ७२० ऐवजी ८८० केबी मिळतात, आणि सेक्टरची शीर्षनोंद (सुरुवातीची ओळख) पीसीच्या कंट्रोलरला ओळखू येत नाही.

ही कारणे जागेची आणि खर्चाची आहेत. ॲपलचा सहसंस्थापक वॉझ्नियाकने त्यांच्या डिस्क टू या ड्राइव्हमध्ये मोजक्या चिपांवर काम भागवले, ते स्वस्तात ड्राइव्ह देण्यासाठी. शिवाय अटारी एसटी या संगणकाने पीसीला जवळची रचना घेतली आणि ॲपलने १९८८मध्ये एमएफएम वाचणारा ड्राइव्ह आणला. केवळ अडकवण्याचाच हेतू असता तर हे झाले नसते.

सॉफ्टवेअरने वाचता येते यात अर्धे सत्य आहे, पण आधी हार्डवेअर बदलावे लागते. क्रायोफ्लक्स किंवा ग्रीझवीझल हे बोर्ड पीसीचा कंट्रोलर बाजूला ठेवून चुंबकीय बदलांमधला वेळ मोजतात, आणि मग सॉफ्टवेअर त्याचा अर्थ लावते. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने हे साधत नाही. विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का?’ असे विचारले म्हणजे डिस्क कोरी आहे असे समजू नये. ‘नाही’ म्हणावे, आणि त्याआधीच साडेतीन इंची डिस्कची कोपऱ्यातली खिडकी उघडी करून ठेवावी, म्हणजे डिस्कवर काही लिहिले जाणार नाही.