एवढा मेसेज वाचून दे रे भाऊ

चोपडा तालुक्यातल्या एका गावात माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. काय काय मिळतं ते सगळं बोर्डावर रंगवलेलं आहे, फक्त एक काम त्यावर नाही. लोकांचे मेसेज वाचून देणं. सकाळी शटर वर केलं की पहिला माणूस बहुतेक वेळा युरियासाठी आलेला नसतो. बंडीच्या खिशातून तंबाखूच्या पुडीसोबत मोबाईल निघतो, काउंटरवर ठेवला जातो आणि प्रश्न येतो, "देख रे भाऊ, पैसा उनात का?"

मग मी देखतो. रोजचा डेटा संपत आला, पाच मिनिटांत कर्ज घ्या, रमी खेळा, पुन्हा एकदा कर्ज घ्या, आणि या सगळ्या गर्दीत दोन हजार रुपये जमा झाल्याचा बँकेचा एक मेसेज. इंग्रजीत. तो मी मोठ्याने वाचतो, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या तिघांनाही नानांच्या खात्यातली शिल्लक कळते.

आमचे नाना अडाणी नाहीत, हे आधी सांगतो. चौथी शिकलेत. पेपर पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचतात, श्रावणात देवळात पोथी लावतात, सातबाऱ्यावरची एक ओळ चुकली तर तलाठ्याला ऐकवतात. असा माणूस स्वतःच्या पैशांचा निरोप माझ्याकडून वाचून घेतो. मला याची आता चीड येते. वाचून द्यायचा कंटाळा म्हणून नव्हे. आपण एका वाचता येणाऱ्या माणसाला अंगठाबहाद्दर करून टाकलं म्हणून.

मेसेज या गोष्टीनं आपलं किती काम हातात घेतलंय, ते मागे वळून पाहिलं तरच कळतं. जगातला पहिला मेसेज ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला. तोही कॉम्प्युटरवरून, कारण तेव्हाच्या फोनवर मेसेज लिहायची सोयच नव्हती. मजकूर काय, तर नाताळच्या शुभेच्छा. आपल्याकडे तेव्हा साधा लँडलाईन मिळवायला वर्षं लागायची आणि तार आली की उघडण्याआधीच बायका रडायला लागायच्या. ती तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. आता गॅसची टाकी, वीजबिल, पोराची परीक्षा, केळीचा आजचा भाव, पीकविमा, लाडक्या बहिणीचे दीड हजार, सगळं मेसेजवर. शुभेच्छा मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, गुलाबाच्या फुलासकट.

काही वापर तर असे आहेत की ज्यानं ही सोय काढली त्याच्या स्वप्नातही आले नसतील. आमच्याकडचा मोबाईल स्टार्टर घ्या. विहिरीवरच्या पेटीत एक सिमकार्ड बसवलेलं असतं. रात्री दीड वाजता थ्री फेज लाईट आली की पेटी कळवते, लाईट आली. माणूस घरी गोधडीत पडल्या पडल्या कॉल लावतो, मोटर चालू. पाणी तुटलं की ती आपली आपण बंद होते आणि तसंही कळवते. पूर्वी याच कामासाठी बॅटरी आणि काठी घेऊन केळीच्या बागेतून जावं लागायचं. साप तर असायचेच, आता सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याही वावरतो. माझ्या एका गिऱ्हाइकानं मोटरचा नंबर 'अ मोटर' नावानं सेव्ह केलाय, यादीत सगळ्यात वर यावी म्हणून. बायको म्हणते, माझं नाव पार खाली. त्या पेटीचे मेसेजही इंग्रजीतच येतात, पण आमच्या गड्यापर्यंत सगळ्यांना समजतात. 'मोटर ऑन' हे आता मराठीच झालंय. माझं भांडण इंग्रजीशी नाही.

मग भांडण आहे कशाशी? थोडा हिशेब सांगतो, कारण तो मलाही दुकानाच्या कामामुळेच कळला.

चार वर्षांपूर्वी वाटलं, आपणही गिऱ्हाइकांना मेसेज पाठवावेत. युरिया आला, कपाशीचं बियाणं आलं, असे. चौकशी केली तेव्हा कळलं की धंद्याचे मेसेज पाठवायचे तर आधी मोबाईल कंपन्यांच्या डीएलटी नावाच्या व्यवस्थेत नोंदणी करा, पाठवणाऱ्याचं सहा अक्षरी नाव मंजूर करून घ्या, मेसेजचा मजकूरही आधी मंजूर करून घ्या. मोबाईल कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायनं २०१८ मध्ये केलेल्या नियमांतून हे आलंय. उपद्रवी मेसेज रोखायला हे हवंच, मान्य. आम्हा खेड्यातल्या दुकानदाराला मात्र ते घर बांधण्याआधी एनए करून घेण्यासारखं वाटलं. ते जाऊ द्या. खरी गंमत पुढे आहे.

पाठवून देणाऱ्या माणसानं विचारलं, "इंग्रजीत की मराठीत? मराठीत महाग पडेल." मी म्हटलं, का बुवा? तर एका मेसेजमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसतात. हा आकडा १९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या एका जर्मन इंजिनिअरनं सुचवला. टाइपरायटरवर साधी साधी वाक्यं टाइप करून त्यानं मोजून पाहिलं, की माणसाला एका निरोपात साधारण किती अक्षरं लागतात. पोस्टकार्डावरचा मजकूरही एवढाच भरतो, हाही त्याला आधार होता. देवनागरीचा मेसेज मात्र वेगळ्या पद्धतीनं साठवतात, त्याला जागा जास्त लागते, म्हणून एका मेसेजमध्ये ७० च बसतात. त्यातही मशीन काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणं, सगळं वेगवेगळं मोजतं. 'क्षेत्र' आपल्या डोळ्यांना दोन अक्षरं. मशीन मोजतं सात. सत्तरच्या वर गेलात की एकाचे दोन मेसेज झाले आणि पैसेही दोनाचे लागले.

म्हणजे नानांना इंग्रजीत मेसेज येतो, त्यामागे कुणाचा मराठीद्वेष वगैरे नाही. काही पैशांचा हिशेब आहे. लाखो मेसेजांवर तो मोठा होतो, तेही कळतं. पण पुढचा हिशेब कुणी केलाय का?

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका मावशीच्या खात्यातून अठरा हजार गेले. फोन आला, गॅसची सबसिडी अडकलीये, आलेला नंबर सांगा. तिनं सांगितला. मी जरा रागावूनच विचारलं, मावशी, मेसेजमध्ये लिहिलेलं असतं ना कुणाला सांगू नका म्हणून? तिचं उत्तर मला अजून खोडता आलेलं नाही. "गॅसवाला पोऱ्या बी मांगस, सेतूवाला बी मांगस. मंग याले काब्र नही सांगू?" म्हणजे, मग याला का नाही सांगायचा?

बरोबरच आहे की. टाकी घेताना चार अंकी कोड सांगितल्याशिवाय पोऱ्या टाकी उतरवत नाही. पार्सलवाला दारात उभा राहून मागतो. सेतू केंद्रावर फॉर्म भरणारा तर आपल्या हातातला मोबाईलच घेतो, "काकू, ओटीपी आला का?" आधार, शेतकरी ओळखपत्र, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, सगळीकडे तेच. दहा वेळा सांगितल्याशिवाय काम होत नाही आणि अकराव्या वेळी सांगितलं की खातं रिकामं. कुठला कोड सांगायचा आणि कुठला नाही, हा फरक मेसेजच्या मजकुरात असतो. मजकूर इंग्रजीत असतो. मावशीला दिसतात ते फक्त आकडे.

नुकसान कुणाचं? रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात बँकेची चूक असेल तर ग्राहकाला संरक्षण आहेच, आणि तिसऱ्याच कुणी लबाडी केली असेल तर तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्यालाही आहे. पण ग्राहकानं स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान त्याचं. मावशीला कळलंच दोन दिवसांनी, माझ्याकडून मेसेज वाचून घेतला तेव्हा. पैसे गेल्याचा मेसेज बँकेनं वेळेवर पाठवलेला होता. इंग्रजीत. मग सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावला, तक्रार नोंदवली, अजून वाट बघतोय.

देशातलं पहिलं आधार आमच्या खान्देशातच दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यात टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० रोजी. त्याच जिल्ह्यात धडगावकडे माझा मेहुणा शिक्षक आहे. त्याच्या पाड्यावर ओटीपीसाठी टेकडी चढावी लागते. वर गेलं की रेंज येते, रेंज आली की एकदम चार ओटीपी येतात, आणि तोवर चारही ओटीपींची मुदत संपलेली असते. तो म्हणतो, पोरांची शर्यत लावायला बरं आहे.

आता कुणी म्हणेल की मराठीत पाठवणं जमत नाही. जमतं! पावसाळ्यात 'पुढील तीन तासांत जळगाव जिल्ह्यात विजांसह पाऊस' असा सरकारी मेसेज मराठीत येतो. तो वाचून नाना स्वतः बैल झाडाखालून सोडून गोठ्यात बांधतात, माझ्याकडे येत नाहीत. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या गावांचे ग्रुप मराठीतच वाजतात. विजेचा निरोप मराठीत येऊ शकतो तर पैशाचा का येऊ नये? मी मोजून बघितलं: 'तुमच्या खात्यात २००० रुपये जमा झाले. शिल्लक ३४१२.' मशीनच्या हिशेबानं ४९. बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे आकडे घालायला २१ शिल्लक राहतात. 'आदरणीय ग्राहक' आणि 'धन्यवाद' काढून टाका, नानांना त्याची गरज नाही.

दुसऱ्याला बोलतोय म्हणून स्वतःचंही सांगतो. डीएलटीच्या भानगडीत न पडता मी व्हॉट्सअ‍ॅपवर आलो. पोरानं याद्या करून दिल्या. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी एका जिभाऊंना लिहिलं, मागची बाकी ११,२०० आहे, सणाआधी बघा. बोट घसरलं आणि मेसेज गावाच्या ग्रुपवर गेला. दोनशे चाळीस माणसं. घाईघाईत डिलीट केला, तर तिथं 'हा मेसेज डिलीट केला' असं राहिलं आणि ज्यांनी वाचला नव्हता तेही विचारायला लागले, काय होतं काय होतं. तासाभरात जिभाऊ आले. काही बोलले नाहीत. काउंटरवर नोटा मोजल्या, पावती मागितली, गेले. तेव्हापासून खत दुसरीकडून घेतात. रस्त्यात भेटले तर राम राम होतो, एवढंच.

समोर असते तर मी असं कधी म्हटलंच नसतं. आमच्याकडे उधारी मागायची म्हणजे आधी पावसाचं बोलायचं, मग केळीची कांदेबाग कशी आहे ते विचारायचं, चहा मागवायचा, आणि ते स्वतःच म्हणतात, "तुनं बी देनं शे, माले याद शे." मेसेजला हा वळसा घेता येत नाही. म्हणून उधारीचा मेसेज पाठवणं मी बंद केलं होतं.

मधल्या काळात नवीन तऱ्हा आल्यात. ई-चलन भरा, पीएम किसानचा हप्ता बघा, लग्नाची पत्रिका उघडा, आणि त्यात एपीके फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी. उघडली की आपले मेसेज दुसराच कुणी वाचतो. त्याला मात्र इंग्रजी येतं. हे लोक व्हॉट्सअ‍ॅपवर छान मराठीत लिहितात, हेही नोंदवून ठेवा. गंडवणाऱ्याला परवडतं ते बँकेला परवडत नाही. एक उपयोगाची गोष्ट: २०२५ पासून कंपन्यांच्या मेसेजच्या नावाशेवटी एक अक्षर येतं. जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा, एस म्हणजे सेवेचा, पी म्हणजे जाहिरात. साध्या दहा आकडी नंबरावरून बँकेच्या नावाचा मेसेज आला की सरळ दुकानात आणून दाखवा. तेवढं मी अजून फुकट करतो.

परवा नानांची बाकी निघाली. खूप विचार केला, आणि व्हॉट्सअ‍ॅप टाळून साध्या मेसेजमध्ये लिहिलं: 'राम राम नाना. बाकी ४,३५०. सवडीने या. युरिया आला आहे.' पाठवण्याआधी मोजलं, ५२. एकाच मेसेजमध्ये बसला. पाच मिनिटांत त्यांचाच फोन. "उनू रे भाऊ." कुणाकडून वाचून घेतला म्हणून विचारलं तर चिडले.

संध्याकाळी आले. पैसे आणले नव्हते. युरियाच्या दोन गोण्या घेऊन गेले, उधारीवर.