त्या पाव हिश्शाचं काय करायचं

यंदा चवथीला मूळ घरी गेलो तेव्हा पश्चिमेची भिंत बसलेली होती. पूर्ण नाही, पण वरची कौलं सरकून पाणी आत आलंय आणि माती फुगून बाहेर आलीये. गणपती मधल्या सोप्यात, वर फळा-पानांची माटोळी बांधलेली, सगळे चुलत-आते भाऊबहीण जमलेले, आरती झाली आणि मग नेहमीसारखा विषय निघाला की घर दुरुस्त कोण करणार. कोणीच करणार नाही. कारण घर कोणाच्याच नावावर नाही, म्हणजे सगळ्यांच्या नावावर आहे. आजोबा काही न लिहिता गेले, त्यांना पाच मुलं, त्यातले तीन आता नाहीत, त्यांची मुलं आली, मुलांच्या बायका-नवरे आले. गेल्या वर्षी वकिलाने मोजून सांगितलं, एकतीस सह्या लागतील. एकजण लिस्बनला, दोघे कॅनडात, एकाचा तर पत्ताच नीट माहीत नाही.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. या वर्षी माझ्या बाबांनी विल केलं आणि त्या निमित्ताने मला जे कळलं ते मला चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी गोव्यात जन्मले, शिकले, लग्न करून मडगावला राहते, बँकेत काम करते. मला माहीत नव्हतं तर बाकीच्यांनाही नसेल असं धरून लिहितेय.

बाबांचं म्हणणं साधं होतं. फोंड्याचं घर (हे मूळ घर नव्हे, बाबांचं वेगळं) आणि कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, दादाच्या नावावर करायचं, विल करून मोकळं व्हायचं. दादा त्यांच्याजवळ राहतो, पोफळींचं शिपणं तोच बघतो, पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, मिळाला नाही तर चार गावं फिरून आणतो, आईला रात्री दम लागला तेव्हा बांबोळीच्या हॉस्पिटलात गाडी घालून तोच घेऊन गेला. मी आणि ताई वर्षातून चार वेळा जाऊन निरफणस आणि नारळ घेऊन येणाऱ्या. त्यामुळे बाबांना वाटलं यात चूक काय. मलाही वाटलं नाही. ताई पुण्याला असते, तिच्या शेजारच्यांनी तिला सांगितलं होतं की स्वकमाईचं असेल तर बाप कोणालाही लिहून देऊ शकतो. तिकडे ते बरोबर आहे. इकडे नाही.

वकिलाने कागद घेतला आणि मध्ये रेघ मारली. म्हणाला, हे अर्धं बाबांचं, हे अर्धं आईचं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र असते, कोणी मिळवली, कोणाच्या नावावर आहे, माहेरून आली की सासरहून, याला अर्थ नाही, अर्धी-अर्धी. म्हणजे बाबांचं विल आईच्या अर्ध्याला हात लावू शकत नाही. मग त्याने बाबांच्या अर्ध्यात अजून एक रेघ मारली. त्यातला अर्धा मुलांचा, तो कायदाच राखून ठेवतो, मुलगा-मुलगी समान, बापाला तो कोणाकडून काढून घेता येत नाही, अगदी ठराविक गंभीर कारणं असल्याशिवाय. उरला तो पाव. शंभरातले पंचवीस. एवढंच बाबा स्वतःच्या मनाने कोणालाही देऊ शकतात.

बाबा गप्प बसले. त्यांच्या मनात आयुष्यभर हे घर शंभर टक्के त्यांचं होतं. माणूस म्हणून वाईट वाटलं मला, खोटं बोलत नाही.

मग वकिलाने आईकडे बघितलं आणि विचारलं, काकी, तुमच्या अर्ध्याचं काय करायचं ठरवलंय? आईचं वय बहात्तर. बावन्न वर्षं त्या घरात. आई म्हणाली, "म्हजें कितें आसा तातूंत?" माझं काय आहे त्यात. ती लाजली होती, जणू कोणी तिला भलतंच काही देऊ करतंय. मी तिथे खुर्चीत बसल्या बसल्या रडले. ज्या कायद्याने तिला लग्नाच्या दिवसापासून अर्ध्या घराची मालकीण केलं होतं त्या कायद्याबद्दल तिला बावन्न वर्षांत कोणी एक शब्द सांगितला नाही, ना माहेरी, ना सासरी, ना आम्ही शिकलेल्या मुलांनी.

हा कायदा आजचा नाही हे मुद्दाम सांगते, कारण काहींना वाटतं की हे हल्लीचं काहीतरी सरकारी फॅड आहे. पोर्तुगिजांचा सिव्हिल कोड इथे 1 जुलै 1870 पासून लागू झाला. 1961 ला गोवा मुक्त झाला, पुढच्या वर्षी संसदेने कायदा करून इथले चालू कायदे तसेच ठेवले. वारशाचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या 2012 च्या कायद्यात आहे, जो 2016 पासून लागू झाला, पण गाभा तोच. बाकी देशात हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क, काही राज्यं सोडली तर, 2005 साली मिळाला. आम्हाला दीडशे वर्षांपासून आहे. आणि तरी आमच्या घरातल्या बायकांना तो मिळाला का?

आमची मोठी आत्या. आजोबांचं वर्षश्राद्ध झालं त्यानंतर काकांनी तिला टॅक्सीने बोलावून घेतलं, साडी नेसवली, ओटी भरली, आणि ऑफिसात नेऊन सही घेतली, आत्याच्या यजमानांचीही घेतली कारण त्यांच्या सहीशिवाय चालत नाही. तिने हक्क सोडला असा तो कागद. तिने वाचला नव्हता, इंग्रजी होता. बाकीच्या दोन आत्यांनी सही दिली नाही म्हणून त्यांच्याशी बोलणं कमी झालं. मोठी आत्या मात्र चांगली ठरली. ती अजून चवथीला येते आणि पाहुण्यासारखी पुढच्या सोप्यात बसते, आत जाताना विचारते, येऊ का. त्याच घरात तिचा जन्म झाला. हे मी लहानपणापासून बघतेय आणि मला ते कधी नॉर्मल वाटलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, बहिणीकडून दुखवट्यात, तेराव्याच्या आधी-नंतर सह्या घेणं बंद व्हायला पाहिजे. आणि वडील जिवंत असताना कोणी तुमच्याकडून "मला काही नको" असं लिहून घेत असेल तर समजून घ्या, जिवंत माणसाचा वारसा सोडताच येत नाही, त्या कागदाला किंमत नाही. सोडायचं तर नंतर, शांतपणे, समजून, स्वतःच्या मनाने.

पण मी फक्त बहिणींच्या बाजूने लिहितेय असं नाही, कारण दुसरी बाजूही मी बघितलीये. वाटणी जमली नाही तर कोर्टात इन्व्हेंटरी होते. तिथे मालमत्तेची यादी होते, किंमत ठरते आणि मग वारसांमध्येच बोली लागते, ज्याची बोली जास्त तो घेतो आणि बाकीच्यांना त्यांच्या हिश्शाचे पैसे देतो. ऐकायला न्याय्य आहे. पण बोली लावणार कोण? आखातात किंवा लंडनला कमावणारा की घरी राहून म्हाताऱ्यांचे डायपर बदलणारा? आमच्या गावातच एका घरात हे झालं. ज्याने वीस वर्षं घर सांभाळलं तो आज दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत राहतो, हातात पैसे मिळाले पण त्या पैशात त्याच गावात जमीन येत नाही आता, रेट बघा जरा.

तर तो जो पाव हिस्सा कायद्याने आईबापाच्या हातात ठेवलाय ना, तो मला वाटतं याच्यासाठीच आहे. लाडक्यासाठी नाही, राहणाऱ्यासाठी. जो किंवा जी थांबली तिच्यासाठी, मग ती लग्न न झालेली मुलगी असो, नवरा वारल्यावर परत आलेली असो, की सून असो. सुनेला लिहून देता येतं, तो हिस्सा कोणालाही देता येतो. किती घरांत सून करते आणि नाव मुलाचं होतं, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आमचा हिशोब असा बसला. बाबांच्या पन्नासातले पंचवीस दादाला विलने. उरलेल्या पंचवीसचे तीन भाग, प्रत्येकी आठ आणि थोडं वर. म्हणजे दादाला तेहतीसच्या आसपास, मला आणि ताईला आठ-आठ, आईचे पन्नास आईकडे. मी तिथेच म्हटलं, दादाच्या पंचवीसला माझी काही हरकत नाही, मनापासून नाही, पण माझे आठ मी सोडणार नाही. दादाचा चेहरा पडला होता. गाडीत मी त्याला सांगितलं की मला विकायचं नाहीये रे, मला आत्यासारखं पुढच्या सोप्यात बसायचं नाहीये. तो काही बोलला नाही, बोरीच्या पुलापर्यंत. मग म्हणाला, वहिनीला मी समजावतो. (वहिनी म्हणजे त्याची बायको, मी वहिनी म्हणते म्हणून तोही माझ्याशी बोलताना तसंच म्हणतो.)

अजून एक, घरी साध्या कागदावर लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन कपाटात ठेवलेलं विल गोव्यात धरू नका. इथे नोटरीसमोर, म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात, त्यांच्या वहीत लिहिलं जातं, दोन साक्षीदार लागतात. बंद पाकिटातलंही करता येतं पण त्यालाही नोटरीची मान्यता लागते. आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीत, नाव लागलं म्हणजे मालकी झाली असं समजून बसू नका, आमच्या एका काकांनी तीस वर्षं तसंच समजून काढली. मुंबई-पुण्यात फ्लॅट असेल तर तोही विसरू नका, गोव्याच्या माणसाच्या बाहेरच्या मालमत्तेलाही इथलाच वारसा कायदा लागतो असं सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये सांगितलंय.

आणि विल करून लपवू नका. बाबांनी आम्हा तिघांना समोर बसवून वाचून दाखवलं, जावयांनाही बोलावलं, कारण आम्हाला जे मिळेल त्यात त्यांचाही अर्धा येतोच. ताईचे यजमान पुण्याहून आले. अवघड होतं, चहा गार झाला सगळ्यांचा. पण जे भांडण व्हायचं ते बाबा समोर असताना झालं, त्यांनी उत्तरं दिली.

आईचं विल अजून व्हायचंय. तिने महिनाभर विचार केला, रोज दुपारी कुळागरात जाऊन बसायची. परवा जेवताना तिने सांगितलं, तिच्या मर्जीच्या हिश्शातलं बहुतेक दादालाच, पण पोफळींच्या दोन रांगा मोठ्या आत्याच्या मुलीला द्यायच्या आहेत. कोणी काही बोललं नाही. बाबा ताटाकडे बघत होते, त्यांची सख्खी बहीण ती.

मग दादाच म्हणाला, "वयले वटेनची दी, थंय उदक आसा." वरच्या बाजूची दे, तिथे पाणी आहे.