खुलासा : ‘सावळ्या त्वचेला मेलानोमा होत नाही’ हे खरे नाही

‘मेलानोमा हा गोऱ्यांचा कॅन्सर, आपल्या सावळ्या कातडीला त्याची भीती नाही’ असा संदेश फिरतो आहे. त्यातले अर्धेच खरे आहे. त्वचेला सावळा रंग देणारे मेलॅनिन उन्हापासून बचाव करते, म्हणून भारतात हा त्वचेचा कॅन्सर कमी दिसतो. पण आपल्याकडे तो बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली. गायक बॉब मार्ले यांना १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा निघाला. १९८१ मध्ये, ३६व्या वर्षी, ते गेले.

नखाकडे नीट पाहा. ठेच लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागते. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते, तेव्हा याला वेळ लागतो. मेलानोमाची काळी-तपकिरी उभी रेघ मात्र मुळापासून कायम राहते, रुंदावते. रंग शेजारच्या कातडीत उतरला तर अजिबात थांबू नका. अनेक नखांवरच्या बारीक रेघा सावळ्या लोकांत सहसा निरुपद्रवी असतात. एकाच नखावर नवी रेघ आली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तिळाचे दोन भाग विषम, कडा वेड्यावाकड्या, रंग अनेक, आकार ६ मिलिमीटरहून मोठा, किंवा नुसता बदलतोय, तरीही दाखवा.

तळपायावरची न भरणारी जखम कुरूप समजून चुना, अ‍ॅसिड किंवा ब्लेड लावू नका. बायोप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) मेलानोमाच्या गाठीची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात आणि त्यावरून भोवतालची १ ते २ सेंटिमीटर त्वचा काढायची ते ठरते. जाळलेल्या गाठीत ते मोजताच येत नाही.