टाळी वाजवायलाही पासपोर्ट दाखवावा काय?

आंतरराष्ट्रीय सामना सुरू झाला की एरवी समंजस असणाऱ्या माणसांच्या अंगात नेमके काय संचारते, हे मला आजवर उमगलेले नाही. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने भारताविरुद्ध १३७ धावा केल्या. त्यातल्या एका सुरेख फटक्याला मी ‘वा!’ म्हणालो, तर शेजारच्या काकांनी चिवड्याची वाटी खाली ठेवून ‘कोणाकडून आहेस बे तू?’ असे दरडावले. जिंकलो की लक्ष्मीभुवन चौकात मध्यरात्रीपर्यंत भोंगे, फटाके आणि एकेका दुचाकीवर तिघे तिघे. हरलो की पंच विकले गेलेले, खेळपट्टी खोटी आणि कालचा देव आज नालायक. बरे, हा अभिमान निदान माहितीवर तरी उभा असावा! आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ‘आपल्या पोरीने देशाची लाज राखली’ म्हणून छाती फुगवणाऱ्या याच काकांना, अंतिम फेरीत हरलेली कोनेरू हम्पीही भारतीयच आहे, हे मला सांगावे लागले. त्यावर ते क्षणभर गोंधळले, कारण शिव्या घालायला समोर परके कोणी उरलेच नव्हते.