बाबांच्या वहीतला वेगळा रकाना

गेल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांची हिशेबाची वही सहज चाळली. मी दरमहा पाठवते ते पैसे त्यांनी वेगळ्या रकान्यात लिहिले होते. खर्चाच्या बाजूला काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी श्रवणयंत्रासाठी म्हणून मुद्दाम जास्तीची रक्कम पाठवली होती. तीही त्याच रकान्यात, आणि पुढे लाल पेनानं माझ्या मुलीचं नाव. तिच्यासाठी त्यांनी मुदत ठेव केली होती. फोनवर बाबा माझ्या प्रत्येक वाक्याला नुसतं "हो, हो" का म्हणतात, ते तेव्हा कळलं. त्यांना ऐकूच येत नव्हतं.

मी जर्मनीत नोकरी करते. आधी आई-वडील की आधी मुलं, हा आपल्याकडचा वाद इथूनही वाचते. आई-वडिलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापण्याचा निर्णय लातूर जिल्हा परिषदेनं घेतला, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक तट संस्कारांवर बोलत होता, दुसरा घराचे हप्ते आणि शाळेची फी यांवर. आई-वडील दिलेले पैसे स्वतःवर खर्च करतात का, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

कायदा आपल्याकडे आहे. २००७ च्या कायद्यानुसार आई-वडील प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागू शकतात. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही आणि परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही तो लागू आहे. भत्त्याची कमाल मर्यादा महिन्याला १०,००० रुपये. पण पोटच्या मुलांविरुद्ध अर्ज करायला कोण जातं? पाणी डोक्यावरून गेल्याशिवाय कुणी जात नाही. आणि माझे बाबा तर लेकीनं आपणहून दिलेलेही खर्च करत नाहीत!

आमच्या खालच्या मजल्यावर पंच्याऐंशी वर्षांच्या आजी एकट्या राहतात. रोज सकाळी त्यांना आंघोळ घालायला एक बाई येतात. त्याचा खर्च देखभाल विम्यातून निघतो. हा विमा इथे १९९५ मध्ये सुरू झाला आणि त्याची वर्गणी प्रत्येकाच्या पगारातून कापली जाते. मुलंबाळं नसलेल्यांना ती जास्त पडते. दुसऱ्या मुलापासून, मुलं पंचवीस वर्षांची होईपर्यंत, थोडी कमी होते. जो आज मुलं वाढवतोय तो उद्याचे वर्गणीदारच वाढवतोय, हे इथे कायद्यानं मान्य केलंय. आजींचं श्रवणयंत्रही आरोग्य विम्यातून आलेलं. डॉक्टरांनी लिहून दिलं, त्यांनी घेतलं. मुलावर आपला भार पडतोय असा विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. वृद्धाश्रमात राहायचं तर विमा वजा जाऊनही पहिल्या वर्षी महिन्याला सरासरी तीन हजार युरोंच्या आसपास स्वतःचे घालावे लागतात. भल्याभल्यांची पुंजी त्यात संपते. मग सरकार मदत करतं. मुलांकडे वसुलीला येतं ते मात्र, २०२० पासून, मुलाचं वार्षिक उत्पन्न एक लाख युरोंच्या वर असेल तरच. आजींचा मुलगा दर रविवारी येतो. पैशांचा विषय दोघांमध्ये नसतो, म्हणून त्यांना बाकीचं बोलता येतं, असं मला वाटतं.

माझ्यापुरतं मी ठरवलंय: आधी आई-बाबांची औषधपाण्याची सोय, मग मुलीच्या शिक्षणासाठी बचत. शिक्षणासाठी कर्ज मिळतं, म्हातारपणासाठी कोण देणार? पण हे मी सांगू शकते, कारण इथे २०२५ मध्ये दर मुलामागे महिन्याला २५५ युरो सरकारकडून येत होते आणि सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही. माझ्या चुलत बहिणीला यातलं काहीच नाही. तिच्या सासऱ्यांना भविष्य निर्वाह निधीची पेन्शन आहे. त्या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर थांबलीय. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत झाले, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी उठवायला-बसवायला माणूस लागला की खर्च पुन्हा तिच्याच पगारातून. तिला संस्कार शिकवणाऱ्यांचा मला राग येतो.

म्हणून मला वाटतं, पगार कापण्याच्या बातम्यांवर भांडण्याऐवजी आपण देखभाल विमा मागायला हवा. अशी वर्गणी मी आनंदानं भरेन. आयुष्यभर भरलेल्या वर्गणीतून मिळालेलं यंत्र बाबांनी एका शब्दानं न कुरकुरता कानात घातलं असतं. लेकीच्या पैशांचं घालायला त्यांना दोन वर्षं लागली.

त्या सुट्टीत मुलीनंच आजोबांना सांगितलं, "तुम्हाला माझं ऐकू येत नाही, तर मला ते पैसे नकोत." बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः बँकेत गेले, ठेव मोडली आणि उजव्या कानाचं यंत्र घेतलं. डाव्या कानाचं अजून राहिलंय. एकावर भागतं म्हणतात.