तीन महिन्यांचा किराणा पुरात तारत नाही

पावसाळा तोंडावर आला की मोबाइलवर एक मजकूर फिरायला लागतो. हवामानाचा भरवसा राहिलेला नाही, तेव्हा जुन्या लोकांसारखी तीन महिन्यांची बेगमी करा, फ्रीज गच्च भरा, पाणी गढूळ आलं तर तुरटी फिरवा, धान्य भिजलं तर उन्हात वाळवा, असा त्याचा सारांश. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण नदीकाठच्या घरांना हे सल्ले धोक्याचे आहेत, म्हणून एकेक घेऊन सांगतो.

जुने लोक बेगमी करत, हे खरं. कोकणात आगोटीला तांदूळ, कडधान्य, सुकी मासळी भरून ठेवत, कारण पावसात होड्या बंद आणि वाटाही बंद. अडचण सामान मिळण्याची होती. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरादुकानांत शिरलं, तेव्हा अडचण निराळी होती. पन्नास किलोचं पोतं घेऊन कोणी जिना चढत नाही. तळमजल्यावर जितकं जास्त भराल, तितकं जास्त गमवाल.

आणि धान्य वाचलं तरी ते शिजवणार कशावर? मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापुरात पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. तिची धोका पातळी 43 फूट आहे. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि पाणी उपसणारी केंद्रंच बुडाल्याने शहराचे नळ कोरडे पडले. भात-आमटीला चांगलं पाणी लागतं, गॅस लागतो, भांडी घासायला पुन्हा पाणी लागतं. म्हणून घरात हवेत ते चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, पाण्यात कालवून खाता येईल असं सातूचं पीठ. घट्ट झाकणाच्या डब्यांत, माळ्यावर, आणि निघावं लागलं तर एका पिशवीत मावेल एवढंच. शेजारी पिण्याचं पाणी, माणशी रोजचं तीन-चार लिटर धरून निदान तीन दिवसांचं. घरात तान्हं मूल किंवा मधुमेहाचं माणूस असेल, तर त्यांचं खाणं आणि औषधं आधी भरा.

फ्रीजबद्दल थोडक्यात. वीज गेल्यावर दार उघडलं नाही, तर आतलं अन्न साधारण चार तास सुरक्षित राहतं. त्यानंतर दूध, मटण, शिजवलेल्या भाज्या यांचा भरवसा धरू नका. वासावरून ठरवूही नका, कारण आजारी पाडणाऱ्या जंतूंचा वास येतोच असं नाही.

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. निवळलेलं पाणी गाळून, खळखळ उकळून मगच प्या. उकळायची सोय नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वापरा, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच, आणि अर्धा तास थांबा. त्या पावसाळ्याआधीच आणून ठेवायला हव्यात.

भिजलेलं धान्य वाळवून खाण्याचा सल्ला तर कृपा करून पुढे पाठवू नका. पुराच्या पाण्यात गटारं, संडास, मेलेली जनावरं, शेतातली औषधं असं सगळं मिसळलेलं असतं. ओल्या दाण्यावर बुरशी धरते आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष भाजून-शिजवूनही पुरतं जात नाही. वर्षाचे गहू टाकताना जीव तुटतो, तरी टाकावेच लागतात, आणि ते गुरांनाही घालू नयेत. टाकण्याआधी फोटो मात्र काढून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी दाखवता येतात.